इंजेक्शन सुरू झालं, थायरॉईडच्या गोळीचा हिशेब कोण ठेवणार?

मार्च २०२५ मध्ये एली लिली कंपनीचं माउंजारो भारतात विकायला आलं. जूनमध्ये नोवो नॉर्डिस्कचं वेगोवी आलं आणि डिसेंबरात त्याच कंपनीचं ओझेम्पिक. साखर आणि वजन उतरवणारी, आठवड्यातून एकदा पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली टोचायची ही औषधं. माउंजारोत टिर्झेपटाइड असतं, वेगोवी आणि ओझेम्पिकमध्ये सेमाग्लुटाइड. सुरुवातीला माउंजारोची सगळ्यात लहान कुपी साडेतीन हजारांची होती, म्हणजे महिन्याला चौदा हजार. ओझेम्पिक आलं ते आठवड्याला २,२०० रुपयांनी. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत भारतात संपली आणि देशी कंपन्यांना तेच औषध स्वस्तात बनवायला वाट मोकळी झाली. त्यामुळे हे औषध आता पुण्या-मुंबईपुरतं राहणार नाही. ते भोकरदनच्या मेडिकलमध्ये येईल आणि अजिंठा-बुलढाणा रस्त्यावरच्या आपल्या धावड्यातही येईल. कुणाचा शहरात नोकरीला असलेला मुलगा आईसाठी पेन घेऊन येईल, कुणी सोयऱ्याचं उतरलेलं वजन बघून विचारपूस करेल.

त्याच घरांमध्ये आधीपासून एक छोटी पांढरी गोळी चालू असते. सकाळी उपाशीपोटी घ्यायची थायरॉईडची गोळी. देशातल्या आठ शहरांत ५,३७६ प्रौढांची तपासणी करून २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास ११ टक्के लोकांची थायरॉईड कमी काम करताना आढळली, आणि त्यात बायकांचं प्रमाण जास्त होतं. अभ्यास शहरांचा असला तरी आपल्या गल्लीत किती जणींच्या घरी ती गोळ्यांची बाटली आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. ज्यांचं वजन वाढलेलं असतं आणि ज्यांची थायरॉईडची गोळी चालू असते, ती पुष्कळदा एकच बाई असते. म्हणून हा विषय थेट आपल्या घरातला आहे.

माझं म्हणणं एवढंच, की ही दोन औषधं एकत्र घेता येतात, पण थायरॉईडचं काम दाखवणारी रक्ताची टीएसएच तपासणी न करता घेऊ नयेत. ही तपासणी धावड्याच्या बाईला सहज मिळावी, ही जबाबदारी गावाची आणि सरकारची आहे. त्यामागची कारणं पुढच्या मुद्द्यांत मांडतो.

१. आधी भीती बाजूला ठेवू

‘थायरॉईड आहे म्हणजे हे इंजेक्शन चालत नाही’ असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. थायरॉईड कमी काम करते म्हणून लेवोथायरॉक्सिन, म्हणजे हीच थायरॉईडची गोळी, घेणाऱ्या माणसाला सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइड देता येतं. गैरसमजाचं मूळ वेगळ्या ठिकाणी आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत या औषधांनी थायरॉईडमधल्या ‘सी’ पेशींच्या गाठी झाल्या. त्यामुळे ज्यांना थायरॉईडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला आहे, किंवा घरात रक्ताच्या नात्यात कुणाला झाला होता, किंवा ज्यांना एमईएन-२ हा आनुवंशिक आजार आहे, त्यांनी ही इंजेक्शनं घ्यायची नाहीत. हा कर्करोग दुर्मीळ आहे आणि आपल्याकडच्या नेहमीच्या थायरॉईडच्या त्रासाशी त्याचा संबंध नाही. पण डॉक्टरांनी पहिल्या भेटीत विचारायलाच हवा असा हा प्रश्न आहे, आणि त्यांनी विचारला नाही तर आपण होऊन सांगावं. गळ्याला गाठ लागत असेल, आवाज बसलेला असेल, गिळताना अडकत असेल तर आधी ते दाखवावं, इंजेक्शनाचं नंतर बघू. दुसऱ्या प्रकारच्या थायरॉईड कर्करोगासाठी ज्यांची ग्रंथी काढलेली आहे त्यांची गोळी मुद्दाम जास्त ठेवलेली असू शकते. त्यांचा हिशेब त्यांच्या मूळ तज्ज्ञाकडेच व्हावा.

२. गोळीची ‘पॉवर’ वजनाशी बांधलेली आहे

सगळ्या प्रकरणाचं मर्म इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

लेवोथायरॉक्सिन म्हणजे आपली ग्रंथी जे संप्रेरक बनवते तेच, गोळीच्या रूपात. त्याचं माप मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात असतं. मेडिकलवाला ‘पंचवीसची देऊ की पन्नासची’ विचारतो ते हेच आकडे. ज्यांची ग्रंथी जवळपास बंद पडली आहे किंवा काढलेली आहे, त्यांना दर किलो वजनामागे रोज सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागतं. ८५ किलोच्या बाईला हे गणित साधारण १३६ वर नेतं. आता इंजेक्शनांचे आकडे बघा. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्के उतरलं, आणि टिर्झेपटाइडच्या सगळ्यात मोठ्या डोसवर ७२ आठवड्यांत २१ टक्क्यांच्या आसपास. ८५ किलोची बाई १५ टक्क्यांनी उतरली तर ७२ किलोवर येते. त्या वजनाला हिशेब सुमारे ११५ चा होतो. वीस मायक्रोग्रॅमचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण शरीराला तो रोज सोसावा लागतो.

कालची बरोबर असलेली गोळी अशी काहीही न बदलता आज जास्त होते. बाटली, दुकान, सकाळची वेळ सगळं पहिल्यासारखंच असतं, फक्त अंगावरचं वजन गेलेलं असतं.

जास्त झालेलं हे संप्रेरक काय करतं? छाती धडधडते, हात थरथरतात, घाम येतो, झोप लागत नाही, चिडचिड होते, जुलाब होतात. पुढे हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, आणि त्यातून रक्ताची गुठळी होऊन पक्षाघातापर्यंत जाऊ शकतं. पाळी गेलेल्या बायकांची हाडं ठिसूळ होतात. साठीच्या पुढच्या माणसाला हा धोका मोठा आहे. आणि अतिरिक्त संप्रेरकानेही वजन उतरतं, ही यातली सगळ्यात फसवी बाब आहे. घरचे म्हणतात, इंजेक्शन चांगलं लागू पडलं. प्रत्यक्षात त्यातलं काही उतरणं चरबीचं असतं, काही स्नायूंचं, आणि हृदयावर ताण पडत असतो तो वेगळाच. वजनकाट्यावर यातला फरक दिसत नाही.

इथे एक सावधगिरी. वरचं गणित वाचून कुणी घरी गोळी अर्धी करू नये. पुष्कळांची ग्रंथी अजून थोडंफार काम करत असते. त्यांना २५ किंवा ५०चीच गोळी पुरते आणि वजन उतरल्यावरही तीच पुरू शकते. गणित फक्त शंका कुठे घ्यायची ते दाखवतं. किती कमी करायची, करायची की नाही, हे टीएसएचचा आकडा बघून डॉक्टरच ठरवतात.

३. लक्षणांवरून ओळखता येत नाही

‘त्रास झाला तर बघू’ असं म्हणणाऱ्यांसाठी हा मुद्दा. इंजेक्शनाने मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता, थकवा येतो, वजन झपाट्याने उतरलं की केसही गळतात. थायरॉईड कमी पडली तरी बद्धकोष्ठता, थकवा आणि केसगळतीच होते. उलट बाजूलाही तीच गत आहे. इंजेक्शनाने नाडीचे ठोके थोडे वाढतात आणि काहींना जुलाब होतात, गोळी जास्त झाली तरी तेच होतं. अनुभवी डॉक्टरलासुद्धा नुसतं बघून सांगता येणार नाही की दोष कोणाचा. ते रक्तच सांगतं.

४. पोटाचा वेग आणि सकाळचा चहा

ही इंजेक्शनं पोट हळू रिकामं करतात, भूक कमी लागण्याचं ते एक कारण आहे. गोळी पोटातून पुढे आतड्यात गेल्याशिवाय रक्तात उतरत नाही, म्हणून पोट मंदावलं की तोंडाने घेतलेल्या औषधांची चाल बदलू शकते. हा परिणाम पहिल्या डोसनंतर आणि डोस वाढवल्यावर जास्त असतो, पुढे ओसरतो. गोळी घेतल्यावर थोड्या वेळात उलटी झाली तर त्या दिवशीची गोळी अंगी लागली की नाही हे सांगता येत नाही. असे दिवस आठवड्यात दोन-तीन आले तर डॉक्टरांना कळवलं पाहिजे.

तरी आपल्याकडे इंजेक्शनापेक्षाही गोळीच्या आड येतो तो चहा. पहाटे उठून शेतावर जायचं, मिरची तोडायला किंवा कापूस वेचायला मजुरीवर जायचं, तर बाई गोळी आणि चहा एकदमच उरकते. गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास पोटात काही जाऊ नये. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तर चार तास लांब ठेवावी. रक्त कमी म्हणून आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी आणि थायरॉईडची गोळी सकाळी एकत्र घेतली तर थायरॉईडचं औषध बरंचसं वायाच जातं. ज्यांना सकाळ जमत नाही त्यांना रात्री जेवणानंतर तीन तासांनी गोळी घ्यायला डॉक्टर सांगतात. पण इंजेक्शनावर असलेल्याचं पोट रात्री लवकर रिकामं होत नाही, तेव्हा हा पर्याय निवडण्याआधी विचारून घ्यावं.

सेमाग्लुटाइडची गोळीही मिळते, रायबेल्सस नावाची. तिचा पेच आणखी वेगळा आहे. तीही सकाळी उपाशीपोटी, अर्ध्या कपाहून जास्त नको एवढ्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर निदान अर्धा तास दुसरं कुठलंही औषध पोटात जायला नको. दोन्ही गोळ्यांना सकाळचं पहिलं स्थान हवं असतं. शिवाय ही गोळी लेवोथायरॉक्सिनबरोबर दिली तेव्हा शरीराला मिळणारं थायरॉक्सिन सुमारे ३३ टक्क्यांनी वाढल्याचं कंपनीच्याच अभ्यासात दिसलं. हा परिणाम पोट मंदावण्याच्या अंदाजाच्या नेमका उलट आहे. ‘गोळी कमी अंगी लागेल’ असं धरून कुणी थायरॉईडचा डोस आपल्या मनाने वाढवला तर केवढी चूक होईल, हे यावरून कळावं.

५. तपासणी कधी

थायरॉक्सिन शरीरातून हळूहळू जातं, त्याची निम्मी मात्रा कमी व्हायला साधारण एक आठवडा लागतो. त्यामुळे डोस बदलल्यावर खरा टीएसएच कळायला सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात. पंधरा दिवसांत रिपोर्ट काढून घाबरण्यात किंवा खूश होण्यात अर्थ नाही.

माझ्या मते धावड्यातल्या रुग्णाने डॉक्टरांकडे एवढं तरी मागावं: इंजेक्शनाआधी एक टीएसएच, सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी दुसरी, वजन दहा टक्के उतरलं की तिसरी, आणि गोळीची पॉवर बदलली तर त्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा. ज्यांचं वजन आणि डोस स्थिर असतो त्यांना वर्षातून एकदा पुरतं. वजन उतरत असलेल्या माणसाला ते पुरत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. केस गळायला लागले की मेडिकलमधून बायोटिनच्या गोळ्या आणल्या जातात. हे बायोटिन रक्तात असताना अनेक यंत्रांवर टीएसएच खोटं कमी आणि थायरॉक्सिन खोटं जास्त दिसतं. म्हणजे डोस बरोबर असताना रिपोर्ट ‘गोळी जास्त झाली’ असं सांगतो आणि विनाकारण पॉवर उतरवली जाते. तपासणीच्या निदान दोन दिवस आधी बायोटिन बंद ठेवावं आणि लॅबवाल्याला तसं सांगावं.

६. ‘थायरॉईडमुळेच वजन वाढलं’ हे अर्धं सत्य

थायरॉईड कमी पडल्याने वजन वाढतं, पण बहुतेकांचं दोन ते पाच किलोच, आणि त्यातही पाणी आणि मीठ साठल्याचा वाटा मोठा. गोळी सुरू होऊन टीएसएच जागेवर आलं की तेवढं उतरतं. वरचे वीस किलो थायरॉईडचे नसतात. हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून बाई गोळीवर चिडते आणि एक तर ती सोडून देते, नाहीतर ‘पॉवर वाढवून द्या’ म्हणते.

पॉवर वाढवून वजन उतरवण्याचा प्रयोग जगाने करून झालेला आहे. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क देऊन रुग्ण बरा करून दाखवला. त्यानंतर थोड्याच वर्षांत तोच अर्क लठ्ठपणावर विकायला लागला. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यावर रंगीबेरंगी गोळ्यांची पाकिटं निघाली. त्यांत भूक मारणाऱ्या औषधांबरोबर थायरॉईड संप्रेरक आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या असत. माणसं मेली, तेव्हा १९६०च्या दशकाच्या अखेरीस सरकारने त्यांच्यावर कारवाई केली. आज अमेरिकेत लेवोथायरॉक्सिनच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा छापावा लागतो, की हे औषध लठ्ठपणासाठी वापरू नये. ज्यांची थायरॉईड ठीक आहे त्यांना साधा डोस वजनाच्या कामाचा नसतो आणि मोठा डोस जिवावर बेतू शकतो. आज कुणी इंजेक्शनाबरोबर ‘लवकर फरक पडावा’ म्हणून थायरॉईडची गोळी जोडून देत असेल, तर तो तोच जुना घातक प्रयोग पुन्हा करतोय.

बाजारात ‘पोट उतरवणारी’ नाव नसलेली चूर्णंही मिळतात. अशा मालात लपवून घातलेली इंग्रजी औषधं जगभर वेळोवेळी पकडली गेली आहेत, त्यांत थायरॉईडचं संप्रेरकही होतं आणि भारताने २०११ मध्ये बंदी घातलेलं सिब्युट्रामिनही. इंजेक्शन घेणाऱ्या थायरॉईडच्या रुग्णाने अशा पुडीला हात लावू नये.

७. ज्यांना मूल हवं आहे, आणि ज्यांना नको आहे

थायरॉईड आणि वाढलेलं वजन या दोन्हींमुळे पाळी बिघडते, दिवस राहायला वेळ लागतो. वजन उतरलं की दिवस राहण्याची शक्यता वाढते, कित्येकदा अनपेक्षितपणे. आणि नेमकं याच वेळी दोन औषधांचे रस्ते फुटतात. सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या निदान दोन महिने आधी बंद करायचं असतं, टिर्झेपटाइडही गरोदरपणात घ्यायचं नसतं. थायरॉईडची गोळी मात्र बंद करायची तर नाहीच, उलट दिवस राहिल्यावर लगेच तिची गरज २५ ते ३० टक्के वाढते. पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर चाललेली असते.

धोका असा, की घाबरून घरचे दोन्ही औषधं एकदम बंद करतात. सासूबाईंनी, नणंदेने, नवऱ्याने हे नीट लक्षात ठेवावं: दिवस राहिल्याचं कळलं की इंजेक्शन थांबवायचं, गोळी चालू ठेवायची आणि त्याच आठवड्यात टीएसएच करून डॉक्टरांना भेटायचं.

ज्यांना मूल नको आहे आणि ज्या तोंडाने गर्भनिरोधक गोळ्या घेतात, माला-एन असो वा बाजारातली दुसरी, त्यांनी टिर्झेपटाइड सुरू केल्यावर चार आठवडे आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे निरोध किंवा तांबीसारखा दुसरा उपाय वापरावा. त्या काळात गर्भनिरोधक गोळी पुरेशी शोषली जाईलच असं नाही. हे सांगायचं काम आशाताईंइतकं चांगलं कुणी करू शकणार नाही. पण त्यासाठी आधी त्यांना कुणीतरी प्रशिक्षण द्यायला हवं.

८. उन्हाळा आणि फ्रिज

पेन आणि कुप्या वापरायला काढेपर्यंत २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. उघडल्यावर किती दिवस टिकतं हे प्रत्येक औषधाच्या कागदावर वेगवेगळं लिहिलेलं असतं, आणि तेही साधारण ३० अंशांच्या आतच. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि दिवसातून कितीदा वीज जाते हे सांगायला नको. बर्फाच्या कप्प्यात ठेवलेलं पेनही बाद होतं, गोठलेलं औषध वितळवून वापरायचं नसतं. पुण्याहून रातराणी गाडीत पिशवीतून आलेलं इंजेक्शन किती बरं राहिलं असेल?

थायरॉईडच्या गोळीलाही ऊन, उजेड आणि ओल सोसत नाही. बाटली खिडकीत किंवा गॅसजवळच्या फळीवर नको. गोळ्या मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून ठेवाव्यात.

९. पैसा आला की सुरू, पेरणी आली की बंद

शहरातल्या लेखांत न सापडणारी ही गोष्ट आहे. आपल्या घरात पैसा वर्षभर सारखा येत नाही. सोयाबीन, कापूस, मिरची विकली की हाती रक्कम असते, जूनमध्ये बी-बियाणं आणि खतात ती जाते. दिवाळीनंतर सुरू झालेलं इंजेक्शन पेरणीच्या तोंडावर बंद पडण्याची शक्यता मोठी आहे. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आल्याचं चाचणीत दिसलं आहे. आता थायरॉईडच्या गोळीचं काय होतं ते बघा. वजन उतरलं म्हणून डॉक्टरांनी पॉवर कमी केली होती. इंजेक्शन थांबलं, वजन परत चढलं आणि गोळी मात्र कमी पॉवरचीच चालू राहिली. मग थकवा, अंगावर सूज, पाळीच्या तक्रारी सुरू होतात आणि दोष जातो ‘इंजेक्शनाने शरीर बिघडवलं’ याला. म्हणून इंजेक्शन बंद करतानाही टीएसएच हवी, बंद झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा हवी. ज्याला वर्षभराचा खर्च झेपणार नाही त्याने सुरू करण्याआधी डॉक्टरांशी पैशाचं मोकळेपणाने बोलावं, त्यात लाज नाही.

१०. उपास

एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस, रोजे. इंजेक्शनाने आधीच खाणं-पिणं कमी झालेलं असतं, त्यात निर्जळी उपास आणि शेतातलं ऊन आलं तर पाणी कमी पडून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. साखरेसाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर एकदम उतरू शकते. उपासात थायरॉईडची गोळी मात्र चुकवू नये. रोज्यांत ती सहेरीच्या आधी घ्यायची की रात्री, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

११. गावाने आणि सरकारने काय करावं

आतापर्यंतचं सगळं एका कुटुंबाला स्वतः करता येण्याजोगं आहे. पण धावड्याच्या बाईला टीएसएचसाठी दिवसाची मजुरी बुडवून भोकरदन, बुलढाणा किंवा जालना गाठायला लागत असेल तर ती तपासणी होणारच नाही, हे आपण मान्य करू या. उपदेश करून तो प्रश्न सुटत नाही, सोयीने सुटतो.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत झाले आहेत. महालॅब योजनेत सरकारी केंद्रांवर रक्ताचे नमुने घेऊन तपासले जातात. मग आपल्या भागातल्या आरोग्य केंद्राच्या दारावर एक साधा फलक हवा: टीएसएच इथे होते की नाही, होत असेल तर नमुना कोणत्या वारी घेतात, रिपोर्ट किती दिवसांत मिळतो, होत नसेल तर सगळ्यात जवळ कुठे होते. लेवोथायरॉक्सिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते आरोग्य केंद्रात २५ आणि ५० अशा लहान पॉवरमध्येही मिळायला हवं, कारण वजन उतरणाऱ्या रुग्णाचा डोस लहान पायऱ्यांनीच बदलावा लागतो.

जालना आणि बुलढाणा, दोन्ही ठिकाणी २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. आपण दोन्हींच्या मधे आहोत. यापैकी एकाने तरी महिन्यातून एकदा भोकरदनच्या ग्रामीण रुग्णालयात थायरॉईड आणि मधुमेहाची खास ओपीडी चालवावी, अशी मागणी ग्रामसभेने ठराव करून पाठवावी. हे अवाजवी मागणं नाही. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जाऊन रांगेत उभं राहणं जितकं कठीण, तितकंच तज्ज्ञाने महिन्यातून एक दिवस इकडे येणं सोपं आहे.

औषध दुकानदारांकडेही एक मागणं आहे. ही इंजेक्शनं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. चिठ्ठी बघताना ‘थायरॉईडची गोळी चालू आहे का, शेवटची टीएसएच कधीची’ हा एक प्रश्न विचारा आणि पक्कं बिल द्या, ज्यावर बॅच नंबर असेल. गिऱ्हाइकानेही बिल मागावं. औषधाचा दुष्परिणाम झाला तर तो नोंदवायला देशाची १८००-१८०-३०२४ ही मोफत हेल्पलाइन आहे. धावड्यासारख्या गावांतून तिथे नोंदी गेल्या, तरच उन्हात राबणाऱ्या, उपास करणाऱ्या, लोहाच्या गोळ्या खाणाऱ्या बायकांवर या औषधांचं काय होतं ते कागदावर येईल. मोठ्या चाचण्यांमध्ये अशा बायका फारशा नव्हत्या.

१२. ‘गावात कोण घेतंय हे?’

हा आक्षेप येणार, म्हणून उत्तर देऊन ठेवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या २४ टक्के बायका आणि जवळपास २३ टक्के पुरुष जादा वजनाचे निघाले. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये या गटातली औषधं मधुमेहाच्या ठरावीक रुग्णांसाठी अत्यावश्यक यादीत घेतली आणि डिसेंबरात लठ्ठपणासाठी ती कशी वापरावीत यावर मार्गदर्शन दिलं. ज्यांचं वजन खरोखर आजार बनलं आहे, ज्यांचे गुडघे, साखर, रक्तदाब बिघडले आहेत, त्यांना या औषधांचा मोठा फायदा आहे आणि तो फायदा गावातल्या गरिबालाही मिळावा, असंच माझं मत आहे. लग्नात बारीक दिसण्यासाठी पाच किलो उतरवायला मात्र ती घेऊ नयेत.

ग्रामसभेच्या पुढच्या बैठकीत ग्राम आरोग्य समितीने हा विषय अजेंड्यावर घ्यावा: टीएसएचचा फलक, लहान पॉवरच्या गोळ्या, महिन्याची ओपीडी, आशाताईंचं एका दिवसाचं प्रशिक्षण. या चारही गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही.

आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला विनंती. आज घरातली थायरॉईडची फाईल काढा आणि शेवटच्या टीएसएचची तारीख बघा. घरात कुणी इंजेक्शन सुरू करायच्या विचारात असेल आणि ती तारीख सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल, तर आधी रक्त द्या. रिपोर्ट, आजचं वजन आणि चालू गोळ्यांची यादी एका कागदावर लिहून डॉक्टरांसमोर ठेवा, आणि ते हो म्हणेपर्यंत पेन विकत घेऊ नका.